मोटारीचा धूर आणि विहिरीचें पाणी

आमच्या घरीं मोटार आली ती हौसेनें नव्हे. वरवट बकालच्या जुन्या घरांत तीन भावांचीं कुटुंबें एका चुलीवर जेवतात. लहानमोठीं मिळून तेरा माणसें. शेतीच्या उत्पन्नांतून मोटार घ्यावी, हा विचार वडील मंडळींच्या मनाला कधीं शिवला नव्हता. परंतु २०२१ च्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या काकूंचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें निदान झालें, आणि आठवड्यांतून दोनदां त्यांना डायलिसिससाठीं शहरांतील रुग्णालयांत नेणें प्राप्त झालें. पहिले कांहीं महिने एस. टी.नें शेगांव व तेथून पुढें, असा प्रवास झाला. चार तासांच्या उपचारानंतर मान टाकलेल्या बाईला बसच्या गर्दींतून उभ्यानें परत आणणें पाहणाऱ्यालाहि सहन होईना. भाड्याची जीप करावी तर महिन्याचा हिशेब ऐकूनच अण्णा, म्हणजे आमचे थोरले काका, गप्प बसत. शेवटीं दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातीं आले तेव्हां त्यांनींच विषय काढला, आणि एक जुनी मोटार घ्यावयाचें ठरलें.

गाडी पाहण्याचें काम माझ्याकडे आणि माझ्या चुलत भावाकडे आलें. आम्हीं दोघेहि पदवीधर. तो तर विज्ञानाचा. बैल घ्यावयाचा झाला तर त्याचे दांत पाहणारें, दहा पावलें चालवून पाहणारें, पूर्वीच्या धन्याच्या शेजाऱ्याकडे चौकशी करणारें आमचें घराणें; पण मोटार घेतांना आम्हीं रंग आणि गाद्या पाहून भुललों. चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी, २००९ सालची गाडी एक लाख दहा हजारांना ठरली. आम्हीं पोहोंचलों तेव्हां दलालानें ती सुरू करूनच ठेविली होती. ही तत्परता आमच्या स्वागतासाठीं आहे, असें आम्हांस वाटलें! तापलेलें एंजिन आपले निम्मे रोग झांकून ठेवतें, हें ज्ञान पुढें कांहीं महिन्यांनीं झालें, आणि त्यासाठीं बरीच फी मोजावी लागली.

पहिले दोन महिने चांगले गेले. काकू मागच्या आसनावर उशी घेऊन आडव्या होत आणि शेगांव येईपर्यंत झोपून जात. पौषांत एका पहांटे गाडी सुरू होतांच मागच्या नळींतून पांढरा धूर निघाला. घरांत लगेच दोन पक्ष पडले. अण्णांच्या मतें गाडींत बिघाड होता. भावाच्या मतें ती नुसती थंडीची वाफ. पुरावा म्हणून त्यानें हवेंत फुंकर मारून दाखविली, तों त्याच्याहि तोंडांतून धूर निघाला. लहान मुलांनीं सकाळभर तोच खेळ केला.

भावाचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. पेट्रोल हें कार्बन व हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांचें बनलेलें. तें जळतांना हायड्रोजनाचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी तयार होतें, हें वाचून पुष्कळांना नवल वाटेल. गाडी तापलेली असली म्हणजे हें पाणी अदृश्य वाफेच्या रूपानें निघून जातें. सायलेन्सर गार असला म्हणजे त्याच वाफेचे सूक्ष्म थेंब होतात व तो पांढरा धूर दिसतो. नळीच्या टोकाशीं चार थेंब टपकतातहि. असा धूर पांच-दहा मिनिटांत थांबतो, हवेंत फार वेळ तरंगत नाहीं, आणि उन्हाळ्यांत दिसत नाहीं. तेव्हां थंडी संपेपर्यंत वाट पाहावी, असा ठराव झाला. तो आम्हांस महाग पडला.

होळी होऊन गेली, ऊन तापूं लागलें, तरी धूर कमी होईना. उलट गाडी गरम झाल्यावरहि तो निघूं लागला. याच सुमारास रेडिएटरमधील पाणी उतरूं लागलें होतें. भाऊ रोज सकाळीं प्रथम पेलाभर, मग तांब्याभर पाणी ओतीत असे, व ती गोष्ट कोणास सांगत नसे. गाडीखालच्या जमिनीवर मात्र ओल दिसत नव्हती. जें पाणी खालीं गळत नाहीं तें जातें कोठें, हा प्रश्न विज्ञानाच्या पदवीधराला पडावयास हवा होता. अखेर एके दिवशीं परत येतांना, शेगांव सोडल्यावर थोड्याच अंतरावर, उष्णतेचा कांटा तांबड्या खुणेपर्यंत गेला, आणि काकूंना घेऊन आम्हीं रस्त्याच्या कडेस निंबाखालीं दीड तास बसलों. डायलिसिसच्या रोग्याला पाणीहि बेतानेंच प्यावें लागतें. दिवसाचें माप ठरलेलें असतें. मार्च महिन्याच्या त्या दुपारीं दीड तासांत काकूंनीं दोन घोट घेतले. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींना बोलावणें गेलें.

आमच्या गांवांतले हे मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनीं बॉनेट उघडलेंच नाहीं. "सकाळी येतो. तवरक गाडीले हात लावू नका," एवढें सांगून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशीं पहांटे येऊन त्यांनीं प्रथम बॉनेटवर तळहात ठेवून एंजिन गार असल्याची खात्री करून घेतली, भावाला गाडी सुरू करावयास सांगितलें, आणि स्वतः मागें जाऊन उकिडवे बसले.

"काकाजी," ते अण्णांना म्हणाले, "धुराचा रंग त सारेच पाह्यतात. तो कवा निंघते अन् वास कसा येते, हेबी पाहा लागते."

पुढील तासाभरांत त्यांच्याकडून जें ऐकलें, व मागाहून पुस्तकांतून जें ताडून पाहिलें, तें जुनी गाडी घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

निळसर धूर म्हणजे एंजिनांतील तेल जळत आहे. ज्यांच्या घरीं पूर्वीची टू-स्ट्रोक स्कूटर होती त्यांना हा रंग आणि त्याचा तो झोंबणारा वास परिचयाचा आहे. त्या स्कूटरच्या पेट्रोलांतच तेल मिसळावें लागे. त्यामुळें निळा धूर हा तिचा रोग नसून स्वभाव होता. मोटारीच्या फोर-स्ट्रोक एंजिनांत मात्र तेलानें वंगणाचें काम करावयाचें, ज्वलनाच्या जागीं पाऊल टाकावयाचें नाहीं. तें तेथें पोहोंचलें तर कोठली तरी वाट झिजून मोकळी झाली असें समजावें. वाट कोणती, हें वेळेवरून कळतें. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं सुरू होतांच निळा लोट निघाला व थोड्या वेळांत थांबला, तर बहुधा व्हॉल्वच्या दांड्यांवरील रबरी सीलें कडक झालेलीं असतात. रात्रीं वरचें तेल त्यांतून थेंब थेंब खालीं उतरतें. उतारावर पाय उचलून गाडी नुसती जाऊं दिली आणि पायथ्याशीं पुन्हां पॅडल दाबल्याबरोबर लोट आला, तरी पहिला संशय तेथेंच घ्यावा. परंतु चढावर, ओझें घेऊन, एंजिन जोर करीत आहे तोंपर्यंत निळा धूर निघतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती झिजल्या आहेत. पहिलें दुखणें थोडक्यांत आटोपतें. दुसऱ्याला सबंध एंजिन उघडावें लागतें, आणि जुन्या गाडीच्या किंमतीचा मोठा भाग त्यांत जातो. म्हणूनच लबाड विक्रेता गाडी आधीं गरम करून ठेवतो. कांहीं महाभाग आंत नेहमींपेक्षां जाड तेल ओततात. त्यानें आठ-पंधरा दिवस धूर दबून राहतो, आणि तेवढ्यांत कागदांवर सह्या होऊन गेलेल्या असतात.

काळ्या धुराची गोष्ट सोपी. इंधन जास्त, हवा कमी. ज्या घरांत कोणी ओल्या लांकडांची चूल फुंकली आहे तेथें हें अधिक सांगावयास नको. हवेचा फिल्टर धुळीनें बुजला, इंजेक्टर गळूं लागला किंवा एखादा सेन्सर चुकीचें मान सांगूं लागला कीं नळीच्या तोंडाशीं कोरडी काजळी बसते. तीच बोटाला तेलकट लागली तर निळ्या धुराकडे वळावें. डिझेलच्या गाडीनें जोर करतांना क्षणभर काळा धूर सोडला तर एवढें घाबरण्याचें कारण नाहीं. एकसारखा सोडला तर आहे. अण्णा विद्यार्थिदशेंत मुंबईस होते. तेथील पद्मिनी टॅक्सी पहांटे चोक ओढून सुरू करीत तेव्हां कसा काळा धूर निघे, याचें वर्णन त्यांनीं या निमित्तानें केलें. चोक म्हणजे मुद्दाम हवा तोडून पेट्रोल वाढविणें, त्यामुळें तो धूर रास्तच होता. (मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्यें बंद झाली. अण्णांनीं ती बातमी आम्हांस मोठ्यानें वाचून दाखविली.)

आतां आमचा पांढरा धूर. डिझेलच्या एंजिनांत न जळलेलें डिझेलहि पांढऱ्या धुराच्या रूपानें बाहेर येतें व त्याला डिझेलचाच उग्र वास येतो. पेट्रोलच्या गाडींत ती शक्यता नाहीं. येथें थंडीची वाफ वगळली म्हणजे एकच कारण उरतें: एंजिन गार ठेवणारें पाणी सिलिंडरांत शिरून तेथें उकळत आहे. सिलिंडरांचा ठोकळा आणि त्यावरचें झांकण, ज्याला हेड म्हणतात, यांच्यामध्यें एक पातळ थर असतो. तो हेड गॅस्केट. एका बाजूस आग, दुसऱ्या बाजूस पाणी आणि मध्यें ही भिंत. ती फुटली कीं पाणी आंत जातें.

मिस्त्रींनीं धुरापुढें तळहात धरला, तो हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वास गोड नाही," ते म्हणाले. रेडिएटरमध्यें जो रंगीत कूलंट घालतात त्यांत एथिलीन ग्लायकॉल असतें, व तें जळतांना गोडसर वास येतो. (हें द्रव्य चवीलाहि गोड असून अत्यंत विषारी आहे, आणि त्याचा मुख्य मारा मूत्रपिंडांवर होतो. उरलेला कूलंट अंगणांत ओतूं नये. मुलें, कुत्रीं, वासरें तो चाटण्याचा संभव असतो.) आमच्या गाडीच्या धुराला तसा कांहींच वास नव्हता. मिस्त्री भावाकडे वळले.

"भाऊ, गाडीले पानी कोन्तं पाजता?"

"विहिरीचं."

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. रेडिएटरचें झांकण उघडून आंतल्या कडेवर नख फिरविलें व पांढरी पापडी काढून अण्णांच्या हातावर ठेविली. एंजिन गरम असतां हें झांकण कधींहि उघडूं नये; दाबाखालचें उकळतें पाणी तोंडावर उडतें. सकाळचें एंजिन तेवढ्यांत तापलें नव्हतें, म्हणून त्यांनीं तें उघडलें.

बाहेरच्या वाचकांना आमच्या पाण्याची कल्पना देणें अवश्य आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. वर काळीभोर जमीन, उत्तरेस सातपुडा, पण विहिरींत दोर सोडला कीं पाणी खारें. डाळ शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं. जळगांव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील १४० गांवांसाठीं वान धरणावरून नळाची योजना झाली. वानचें पाणी सातपुड्यांतून येणारें, गोडें. पण विहिरी आहेत तशाच आहेत, आणि वापरण्यास त्यांचेंच पाणी घेतलें जातें. या पट्ट्यांत मूत्रपिंडाचे रोगी फार, हें येथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

ओसरीवर बसलेल्या काकूंनीं ती पापडी मागून घेतली, बोटांत चुरडली. "बंबाच्या तळाशीं बसतें तेंच ना हें?" त्या म्हणाल्या. मग भावाकडे पाहून, "मला एका खेपेला सव्वाशे लिटर पाणी लागतें, आणि तेंहि क्षार काढून शुद्ध केलेलें. तेथल्या नर्सनें सांगितलें होतें. गाडीला तूं विहिरीचें पाजलेंस?"

नर्सचा हिशेब बरोबर आहे. रक्त गाळणाऱ्या यंत्रांतून साधारण मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो; चार तासांचे १२० लिटर होतात. तें पाणी अतिशुद्ध असावें लागतें, कारण मध्यें केवळ पातळ पडदा असतो व पलीकडे रोग्याचें रक्त. गाडीच्या रेडिएटरलाहि केंसासारख्या नसल्या तरी बारीकच नळ्या असतात. खारें, जड पाणी त्यांत तापत राहिलें कीं क्षारांचा थर भिंतींना धरतो. थर उष्णता अडवितो. एंजिन हळूहळू अधिक तापूं लागतें. शिवाय पाण्यांतील क्लोराइडें अॅल्युमिनियम खातात. आमच्या गाडीचा ठोकळा लोखंडी व हेड अॅल्युमिनियमचें होतें. अॅल्युमिनियम उष्णतेनें लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून मर्यादेबाहेर तापलें कीं हेड वांकतें, आणि मधला गॅस्केट उघडा पडतो.

संशय पक्का करण्यासाठीं मिस्त्रींनीं चारहि स्पार्क प्लग काढून ओसरीच्या कट्ट्यावर ओळीनें मांडले. पहिला व चौथा नेहमींसारखे तपकिरी. दुसरा व तिसरा धुवून काढल्यासारखे स्वच्छ. वाफेनें ते अक्षरशः धुतले गेले होते. मग दाब मोजण्याचा मीटर लावला. कडेच्या दोन सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरला बारा किलोच्या आसपास आंकडा आला, मधल्या दोहोंत सात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब एकदम कमी असला तर त्या दोहोंमधली भिंत फुटली असण्याचा संभव फार. तरीहि त्यांनीं प्लगच्या भोंकांतून थोडें तेल सोडून पुन्हां मोजलें. रिंगा झिजल्या असत्या तर तेलानें फट भरून आंकडा वर चढला असता. तो हलला नाहीं. तेलाच्या टोपणाखालीं ताकासारखा पांढरट लपका सांपडला तर पाणी तेलांत मिसळूं लागलें असें समजतात. सुदैवानें आमचें तेल स्वच्छ होतें. हें सुदैव नसतें तर खर्च दुपटीवर गेला असता, असें मिस्त्री म्हणाले.

खर्च ऐकून भावानें एक तोड सुचविली. बाजारांत गळती बंद करणारी एक पूड मिळते. ती रेडिएटरमध्यें टाकली कीं कांहीं दिवस धूर थांबतो. तेवढ्यांत गाडी विकून टाकावी. तो कांहीं वाईट मुलगा नव्हे. चूक आपली, भुर्दंड घराला, ही बोच त्याला होती. अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. आम्हांला ज्यानें विकली त्यानेंहि असेंच कांहीं केलें असेल, हें त्यांच्या मनांत आलें असावें. काकूच म्हणाल्या, "दुपारीं रस्त्यावर बसायची ती पाळी मग दुसऱ्या कोणाची तरी." विषय तेथेंच संपला. त्या महिन्यांत घरांतील एका मंगळसूत्राचें नवें घडवणें पुढें ढकललें गेलें. कोणाचें, तें येथें लिहूं नये अशी घरची ताकीद आहे.

हेड उतरवून लेथवर सपाट करून आणलें, नवा गॅस्केट बसला, रेडिएटर साफ झाला. आमच्याकडे उन्हाळ्याच्या भीतीनें कित्येकजण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, तसा तो या गाडींतूनहि पूर्वींच काढलेला निघाला. मिस्त्रींनीं हट्टानें नवा बसविला. एंजिनाला फार गार राहणेंहि मानवत नाहीं. इंधन नीट जळत नाहीं व झीज वाढते. सगळें मिळून अठरा हजार झाले आणि गाडी नऊ दिवस दारीं नव्हती. तेवढ्या काळांतल्या फेऱ्या भाड्याच्या जीपनें झाल्या.

एका गोष्टीचें मात्र मला आजहि नवल वाटतें. हा सारा पांढरा धूर ओकत असतां आमच्या गाडीनें प्रदूषण-तपासणीचें प्रमाणपत्र बिनतक्रार मिळविलें होतें! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमाप्रमाणें ही तपासणी होते. आमच्या गाडीच्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ०.५ पेक्षां व हायड्रोकार्बन दशलक्षांत ७५० पेक्षां अधिक नसावेत, एवढेंच तेथें पाहतात. वाफेची मोजदाद नाहीं. आणि ज्या कार्बन मोनॉक्साइडची मोजदाद आहे तो वायु डोळ्यांना दिसत नाहीं व नाकाला कळत नाहीं. बंद पडवींत गाडी चालू ठेवून धूर पाहत बसण्याची हौस कोणीं करूं नये, तें यासाठींच. तें प्रमाणपत्र हवेच्या रक्षणासाठीं आहे, खरेदीदाराच्या नव्हे. जुनी गाडी घेणाऱ्यानें आदल्या रात्रींच विक्रेत्याला निरोप द्यावा कीं सकाळीं आम्हीं येईपर्यंत गाडी सुरू करूं नये; पोहोंचल्यावर बॉनेटला हात लावावा; एकानें आंत बसावें, दुसऱ्यानें मागें उभें राहावें. बॉनेट गरम लागलें तर चहा घेऊन परत यावें.

२०२४ मध्यें गाडीला १५ वर्षें पुरीं झालीं. पुन्हां नोंदणी करावयाची तर परिवहन कार्यालयांत गाडी दाखवून, पांच हजार रुपये फी भरून, पुढील पांच वर्षांची मुदत घ्यावी लागते. ती ठेवावी कीं मोडींत द्यावी, यावर पुन्हां घरांत बैठक झाली. मिस्त्रींना विचारलें तर ते नेहमींप्रमाणें "सकाळी येतो" म्हणाले. सकाळीं येऊन उकिडवे बसले, गाडी चालू झाली, आणि पांच मिनिटांनीं उठून त्यांनीं चहा मागितला. नोंदणी झाली.

आतां मागच्या आसनाखालीं पांच लिटर शुद्ध पाण्याचा डबा आणि कूलंटची बाटली असते. डबा भरला आहे कीं नाहीं हें निघण्यापूर्वीं काकू स्वतः वाकून पाहतात, आणि मगच उशी नीट करून आडव्या होतात.